नकाशा गावाचा, सही मुंबईची

आज एकच प्रश्न घेऊ या : शहराचा नकाशा कोणाचा?

१९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम बघा. प्रदेश ठरवायचा राज्याने, त्याचे नियोजन मंडळ नेमायचे राज्याने. शहराची विकास योजना मात्र नगरपालिकेने करायची. प्रारूप प्रसिद्ध होते, लोक हरकती देतात, सुनावणी होते. पण अखेरची मंजुरी शासनाची, आणि मंजूर करताना शासन त्यात फेरबदलही करू शकते. म्हणजे आपल्या जागेवर शाळेचे आरक्षण पडले, तर हरकत नांदेडात द्यायची आणि निकालाची वाट मंत्रालयाकडे बघायची.

१ जून १९९३ ला ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. बाराव्या अनुसूचीतल्या अठरा विषयांत पहिलाच विषय नगरनियोजनाचा. वाटले, आता सही गावात येईल. पण घटनेने इथे राज्याला मुभा ठेवली : अधिकार किती द्यायचे ते विधिमंडळ ठरवणार. चारच महिन्यांनी, ३० सप्टेंबरला, किल्लारीचा भूकंप झाला. गावे नव्याने वसवायची होती, आणि ते काम शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून हाती घेतले. तेव्हा तेवढी ताकद दुसऱ्या कोणाकडे होती? हे मान्य केलेच पाहिजे.

मग सगळे गावाकडे द्या, म्हणजे झाले का? तसेही नाही. लातूरला २०११ मध्ये महानगरपालिका झाली. पण लातूरला पाणी देणारे मांजरा धरण धनेगावला, बीड जिल्ह्यात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. हद्दीच्या आतला नकाशा कितीही नेटका असो, पाणी हद्दीबाहेरून येते. वरचा ऊस आणि खालचा नळ यांचा हिशेब एकत्र मांडायला कोणीतरी लागतेच.

त्यासाठी घटनेने जिल्हा नियोजन समिती सांगितली. तिचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडून यायचे. प्रत्यक्षात अध्यक्ष पालकमंत्री, आणि चर्चा बहुतेक निधीवाटपाची. शिवाय धरण शेजारच्या जिल्ह्यात असेल, तर तीही तोकडीच.

आम्ही तत्त्वज्ञानवाले एवढेच म्हणू : ज्याच्याकडे अधिकार, त्यानेच जाब द्यावा. आज लोक जाब नगरसेवकाला विचारतात आणि सही असते दुसऱ्याची. ही फारकत मिटवणे, हेच खरे नियोजन.