रानपिंगळ्याचा खोटा पत्ता

१८८४ नंतर रानपिंगळा या छोट्या घुबडाचा एकही विश्वासार्ह नमुना मिळाला नाही. १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ तो मारल्याची ब्रिटिश पक्षिसंग्राहक माइनर्ट्‌झहॅगनची नोंद मात्र होती. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती खोटी ठरवली: त्या नमुन्याची कातडी पुन्हा भरलेली, पण खानदेशात पक्षी जमवणाऱ्या डेव्हिडसनच्या हातच्या खुणा तिच्यात शाबूत. मांडवी वगळून खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी भरदिवसा दिसला. संवर्धनाचा आराखडा आधी नोंदी पारखून घेतो, तो यासाठी.

यावर कुणी म्हणेल, पुढे तो जुन्या नोंदींबाहेर तानसा अभयारण्यातही सापडला, मग जुने कागद पारखायचे कशाला? आक्षेप रास्त आहे. पण त्याची हाक आणि सागाचं विरळ रान ओळखता आलं ते शहाद्यामुळेच. असं रान अभयारण्यांबाहेरही आहे, म्हणून केवळ अभयारण्यांच्या हद्दी राखून भागणार नाही. घरट्यासाठी ढोल्या असलेली जुनी झाडं हद्दीबाहेरही उभी राहिलीच पाहिजेत.