मेरिल स्ट्राइफ

मेरिल स्ट्राइफ (जपानी उच्चार: मेरिरु सुतोराइफु) ही यासुहिरो नाइतो यांच्या 'ट्रायगन' या जपानी चित्रकथेतील (मांगा) आणि तिच्यावर आधारित अ‍ॅनिमे मालिकेतील एक प्रमुख साहाय्यक व्यक्तिरेखा आहे. ती बर्नार्डेली विमा कंपनीची प्रतिनिधी असून कथानायक व्हॅश द स्टॅम्पीड याच्या हालचालींवर नजर ठेवणे व त्याच्यामुळे होणारी हानी शक्य तितकी कमी करणे हे तिचे काम आहे. मूळ मांगा १९९५ साली प्रसिद्ध होऊ लागली. मॅडहाउस या निर्मितीसंस्थेने तयार केलेली व सातोशी निशिमुरा यांनी दिग्दर्शित केलेली २६ भागांची मालिका १९९८ साली टीव्ही टोकियोवरून प्रसारित झाली.

पार्श्वभूमी

'ट्रायगन'ची कथा दोन सूर्य असलेल्या एका वाळवंटी ग्रहावर घडते. पृथ्वीवरून आलेली मानवी वसाहतवाल्यांची जहाजे येथे कोसळली आणि त्यांतून वाचलेल्यांच्या वंशजांनी गावे वसवली. मद्यालये, इनामासाठी माणसे मारणारे बंदूकबाज, धुळीने माखलेले रस्ते हा सारा अमेरिकन 'वेस्टर्न' चित्रपटांचा थाट येथे आहे. मात्र पाणी आणि वीज पुरवणारी यंत्रणा हरवलेल्या जगातली आहे. जुलै हे शहर उद्ध्वस्त केल्याचा ठपका असलेल्या व्हॅशच्या डोक्यावर ६० अब्ज डबल डॉलरचे इनाम आहे. ते मिळवण्यासाठी त्याच्यामागे लागलेले लोकच बहुतेक वेळा गावांची नासधूस करतात, पण दोष त्याच्या नावावर जमा होतो आणि नुकसानभरपाईचे दावे विमा कंपनीकडे येतात.

मेरिलचा कथेतील प्रवेश या हिशेबातून होतो. ती सूड घेण्यासाठी, इनामासाठी वा प्रेमापोटी नायकाच्या मागे निघालेली नाही; कंपनीने तिला कामगिरीवर पाठवले आहे. वेस्टर्न कथांत स्त्रीच्या वाट्याला बहुधा नायकाची वाट पाहणे येते. ही मात्र पगारी नोकर म्हणून वाळवंट तुडवते. विम्याचा हा धागा लेखकाने केवळ विनोदापुरता ठेवलेला नाही. मांगामध्ये शासन व्हॅशवरील इनाम रद्द करून त्याला मनुष्यरूपी दैवी आपत्ती ठरवते. एका जिवंत माणसाची गणना वादळ व भूकंपाच्या रांगेत होणे हा विनोद विम्याचे करारपत्र वाचलेल्या वाचकाला अधिक कळेल, कारण काही विमा करारांत अशा आपत्तीची भरपाई वगळलेली असते.

व्यक्तिचित्रण

मेरिल बुटकी, काळ्याभोर आखूड केसांची व तापट आहे. तिच्या पांढऱ्या झग्याच्या आत डझनावारी डेरिंजर पिस्तुले लटकवलेली असतात. डेरिंजर हे तळहातात मावणारे छोटे पिस्तूल होय. हे नाव फिलाडेल्फियाचे बंदूककार हेन्री डेरिंजर यांच्यावरून पडले, आणि १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांची हत्या अशाच एका पिस्तुलाने झाली. दोन नळ्यांच्या डेरिंजरमधून दोनच गोळ्या सुटतात. त्यामुळे एक पिस्तूल रिकामे झाले की ते टाकून दुसरे काढायचे, ही मेरिलची रीत. शस्त्राच्या मर्यादेवर शोधलेला हा तोडगा तिच्या एकूण व्यवहारी वृत्तीशी सुसंगत आहे.

तिची सहकारी मिली थॉम्पसन उंच, भोळी आणि घरच्यांना नित्य पत्रे लिहिणारी आहे. ती मेरिलला 'सेम्पाइ' म्हणजे वरिष्ठ म्हणून संबोधते. गंमत अशी की माणसांची पारख बहुधा मिलीला लवकर होते. पहिल्या भागात समोरचा सोनेरी केसांचा विदूषकी तरुणच व्हॅश आहे हे मेरिल मान्य करत नाही, कारण तो कागदोपत्री वर्णनाच्या दहशतीशी जुळत नाही. पुराव्यावाचून न मानणारी ही बाई पुरावा डोळ्यांसमोर असतानाही फसते. पुढे ती प्रत्यक्ष पाहते की हा माणूस कोणालाही ठार न मारण्यासाठी स्वतःच्या अंगावर जखमा घेतो, आणि तिचे मत हळूहळू पालटते.

कथानकातील भूमिका

मालिकेच्या पूर्वार्धात मेरिल बव्हंशी विनोदी पात्र आहे. तिचे खरे महत्त्व शेवटच्या चार भागांत येते. २३ व्या भागात निकोलस वुल्फवुडचा मृत्यू होतो. २४ व्या भागात लेगाटो ब्लूसमर्स गावकऱ्यांच्या मनाचा ताबा घेऊन मेरिल व मिली यांचे प्राण धोक्यात आणतो. त्या दोघींना वाचवण्यासाठी व्हॅशला आपले जीवनव्रत मोडून लेगाटोवर गोळी झाडावी लागते. म्हणजे ज्याच्याकडून होणारे नुकसान टाळण्यासाठी मेरिल आली, त्याचे सर्वांत मोठे नुकसान तिच्या जिवापायी होते. मालिका हे बोलून दाखवत नाही, आणि ते बरेच झाले. २५ व्या भागात खचलेल्या व्हॅशची शुश्रूषा मेरिल करते. सूडाने पेटलेले लोक त्याच्यावर चालून येतात तेव्हा ती डेरिंजरला हात न लावता त्याच्यापुढे उभी राहते. व्हॅशला वाढवणाऱ्या रेमची आठवण करून देणारा हा प्रसंग तिच्या व्यक्तिरेखेचा कळस मानावा लागेल. येथवर ती कंपनीची प्रतिनिधी उरलेली नसते.

अन्य आवृत्त्या

मांगाचा उत्तरार्ध 'ट्रायगन मॅक्सिमम' या नावाने १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या अखेरीस मेरिल व मिली वार्ताहर झालेल्या दिसतात. २०२३ च्या 'ट्रायगन स्टॅम्पीड' या ऑरेंज संस्थेच्या संगणकीय अ‍ॅनिमे मालिकेत मेरिल प्रारंभापासूनच नवशिकी वार्ताहर आहे. बर्नार्डेली ही तेथे वृत्तसंस्था आहे. मिलीऐवजी रोबेर्तो दे निरो हा अनुभवी, मद्यपी पत्रकार तिच्या सोबतीला आहे. येथे वरिष्ठपणाचे नाते उलटले आहे, आणि डेरिंजर तिला त्याच्याकडून वारशाने मिळते. विम्याचा हिशेब गेल्याने जुन्या मेरिलचा करारीपणा या आवृत्तीत काहीसा उणा वाटतो.

१९९८ च्या मालिकेत आणि २०१० च्या 'ट्रायगन: बॅडलँड्स रंबल' या चित्रपटात मेरिलला हिरोमी त्सुरु यांनी आवाज दिला. 'ड्रॅगन बॉल'मधील बुल्मा या पात्राच्या आवाजासाठी ख्यात असलेल्या त्सुरु यांचे नोव्हेंबर २०१७ मध्ये निधन झाले. 'ट्रायगन स्टॅम्पीड'मध्ये हे काम चित्रपट अभिनेत्री साकुरा आंदो यांनी केले. मूळ मालिकेच्या इंग्रजी आवृत्तीत मेरिलचा आवाज डोरोथी इलायस-फान यांचा आहे.