सीमेवरील मेंढपाळ आणि लोकरीचा धागा : कनेरगाव नाका परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

हिंगोली-वाशिम मार्गावरील कनेरगाव नाका हे गाव पैनगंगेच्या जवळ वसलेले आहे. त्याच्या नावातील 'नाका' हा शब्द जुन्या सरहद्दीची आठवण देतो. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि या भागात पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा मुलूख, तर पलीकडे इंग्रजी अंमल अशी स्थिती निर्माण झाली. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ती सीमा होती. मेंढ्यांचे कळप घेऊन चराईसाठी फिरणाऱ्या धनगरांच्या दृष्टीने मात्र नदीचे दोन्ही काठ म्हणजे एकच चराऊ प्रदेश होता. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात रझाकारी, मुक्तिसंग्राम आणि जमीनधारणा यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. स्वतःच्या मेंढीची लोकर कातरून तिचे सूत काढणाऱ्या कुटुंबांच्या श्रमाचा इतिहास त्यात फारसा आलेला नाही.

हटकर : तलवार आणि मेंढी

या परिसरातील हटकर हे धनगर समाजाचीच एक शाखा मानले जातात. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात बासीम, म्हणजे आजचे वाशिम, येथील हटकरांचा उल्लेख येतो. तो त्यांच्या घोडदळाचा, पायदळाचा आणि बंडखोर वृत्तीचा आहे. पुढे १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिविषयक ग्रंथातही हटकरांची वस्ती हैद्राबादच्या सरहद्दीला लागून असल्याचे नमूद आहे. दोन्ही नोंदींत सुमारे तीन शतकांचे अंतर असूनही अभ्यासकांची नजर शस्त्रावरच खिळलेली दिसते. सैन्याला मनुष्यबळ पुरविणारा समाज राज्यकर्त्यांना महत्त्वाचा वाटणे स्वाभाविक होते, परंतु आधुनिक अभ्यासकांनीही हीच दृष्टी स्वीकारावी, हे समर्थनीय म्हणता येत नाही. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्या अभ्यासातून धनगरांचे मौखिक विश्व विद्वानांसमोर आणले. त्या विश्वाचा आर्थिक पाया असलेली लोकर मात्र अजून इतिहासकाराची वाट पाहत आहे.

सूतकताईची प्रक्रिया :

दख्खनी मेंढीची लोकर सामान्यतः वर्षातून दोनदा कातरली जाते. एका मेंढीपासून वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो लोकर मिळते. काळी, करडी व पांढरी लोकर वेगळी केली की रंगकामाची गरज उरत नाही. त्यानंतर लोकर पिंजली जाते आणि घरातील स्त्रिया चरख्यावर तिचे सूत कातातात. कळपामागे चालता चालता पुरुषही टकळीवर सूत काढीत. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन ते ताठ केले जाते आणि मग मागावर घोंगडी विणली जाते. विणकाम हा खुटेकर धनगर आणि सनगर यांचा परंपरागत व्यवसाय होय. एका मागाला पुरेल इतके सूत देण्यास अनेक चरखे लागतात, हे लक्षात घेतल्यास घोंगडीतील सर्वाधिक श्रम कताईचे, म्हणजेच मुख्यतः स्त्रियांचे, असल्याचे स्पष्ट होते. असे असूनही व्यवसायाची ओळख विणणाऱ्यावरून ठरली. जातिविषयक ग्रंथांनी मागावरील पुरुषाला नाव दिले, चरख्यावरील स्त्रीला दिले नाही.

या संदर्भात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांची तुलना उद्बोधक ठरते. तेथील अन्स्ट बेटावर एकोणिसाव्या शतकात स्त्रियांनी स्थानिक मेंढीच्या मानेकडील अतिमऊ लोकर हाताने उपटून, तिचे केसासारखे बारीक सूत कातून सुयांवर जाळीदार शाली विणल्या. अशी शाल अंगठीतून आरपार निघते, अशी तिची ख्याती होती. मेंढी घरची, सूत घरचे आणि कातणारी स्त्रीच, हे सारे दोन्हीकडे समान. फरक होता तो लोकरीचा आणि गिऱ्हाइकाचा. दख्खनी लोकरीची जाडी सुमारे ५० मायक्रॉन असते. तिच्यात केसाळ, पोकळ तंतूंचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे तिच्यातून नाजूक जाळी विणणे शक्य नाही. मात्र पावसात माळावर उभ्या असलेल्या माणसाला तीच लोकर ऊब देते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, तुलनेने मऊ असते आणि जावळाच्या घोंगडीला अधिक मान असतो. मऊपणाची पारख धनगरांना नव्हती, असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही. शेटलंडच्या शालीला मात्र लंडनच्या श्रीमंत घरांची बाजारपेठ मिळाली. घोंगडीचे गिऱ्हाईक शेतकरी आणि स्वतः धनगरच राहिला.

मराठी मध्यमवर्गात सुयांवरील विणकाम रुजले तेव्हाही त्यासाठी लागणारी लोकर गिरणीतूनच आली. कानपूरची लोकरीची गिरणी १८७६ मध्ये, तर ठाण्याची रेमंड १९२५ मध्ये सुरू झाली. स्वेटर विणणारी शहरी स्त्री आणि सूत कातणारी धनगर स्त्री, दोघींच्याही हातांत लोकरच. पण त्यांची गाठ कधी पडली नाही.

लोकरीकडून मांसाकडे :

स्वातंत्र्योत्तर काळात दख्खनी मेंढीचा मेरिनो व रॅम्बुलिये या विदेशी जातींशी संकर करून लोकर सुधारण्याचे प्रयोग झाले. दूरच्या स्थलांतराला आणि कडक उन्हाला तोंड देणारी मेंढी हवी असलेल्या मेंढपाळांना हा मार्ग फारसा सोयीचा वाटला नाही. दरम्यान कृत्रिम धाग्यांच्या आणि गिरणीच्या स्वस्त चादरींनी घोंगडीची बाजारपेठ आकुंचित केली, तर मांसाची मागणी सतत वाढत गेली. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतील जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही जात विकसित केली. त्यामागील हेतू जुळी कोकरे मिळावीत हा होता, लोकर नव्हे. संशोधनाची दिशा अशी बदलणे मेंढपाळाच्या उत्पन्नाच्या दृष्टीने योग्यच होते, हे मान्य करावे लागेल. मात्र त्यात कातणाऱ्या स्त्रीचे काम गेले आणि त्याची कोठे नोंद झाली नाही. आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लोकरीची किंमत कातरणीच्या मजुरीइतकीही येत नाही. मेंढीच्या आरोग्यासाठी कातरणे टाळता येत नाही. म्हणून लोकर कातरली जाते आणि पुष्कळदा तेथेच माळावर टाकून कळप पुढे निघतो.