मावळांतील वृत्ति व नोकरी : भुशीच्या निमित्तानें

लोणावळ्याच्या दक्षिणेस, इंद्रायणीच्या उगमाकडील डोंगराळ भागांत भुशी हें गांव आहे. पावसाळ्यांत तेथील बंधाऱ्यावरून पाण्याचे लोट पायऱ्यांवर पडूं लागले म्हणजे पाहणाऱ्यांची दाटी होते. परंतु तो बंधारा करमणुकीसाठीं बांधलेला नाहीं. घाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांस पाणी पाहिजे, म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो घातला. ज्या मावळांत शेंकडों वर्षें उपजीविकेचा पक्का आधार म्हटला कीं 'वतन' हाच शब्द तोंडीं येई, त्याच मावळांत त्यानंतर 'रेल्वेंत कायम आहे' हे शब्द तितक्याच भरंवशानें उच्चारले जाऊं लागले. हा पालट कसा झाला आणि मंदीच्या काळीं माणसें कोणती वृत्ति निर्भय मानीत, हें तपासण्याचा या टिपणाचा हेतु आहे.

इंग्रजी शिक्षणानें आपणांस नोकरीची चटक लावली, एरव्हीं आपण स्वतंत्र वृत्तीचे लोक होतों, असा एक समज रूढ आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण पुढें करण्यांत येते. शास्त्रवचन पाहिजे असल्यास मनूनें चौथ्या अध्यायांत सेवेस श्ववृत्ति म्हणून ती वर्ज्य सांगितली आहे, तेंही दाखवितां येतें. आमच्या मतें या दोन्ही वचनांत प्रतिष्ठेचा क्रम आहे, सुरक्षिततेचा नाहीं. सुरक्षिततेचा क्रम काळाप्रमाणें बदलतो, व तो शोधावयाचा तर सनदांबरोबर धान्याची धारण पाहिली पाहिजे. (धारण म्हणजे बाजारांतील धान्याचा दर, हा जुना शब्द आतां फारसा ऐकूं येत नाहीं, ही खेदाची गोष्ट.)

प्रथम शब्दांचा विचार करूं. संस्कृतांत वृत्ति म्हणजे जीवनाचें साधन. वृत् म्हणजे असणें, राहणें, या धातूपासून तो शब्द आला. मराठी कागदपत्रांत हाच शब्द वतनाच्या अर्थीं सर्रास योजलेला आढळतो. वतन हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ राहण्याचें ठिकाण, जन्मभूमि. एका शब्दाच्या मुळाशीं राहणें आहे, दुसऱ्याच्या मुळाशीं राहण्याची जागा आहे, आणि दोन्ही मराठींत येऊन वंशपरंपरेच्या हक्कास लागले. यांत वतनाचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचे हक्क किंवा मिरासदाराची जमीन यांचें वार्षिक उत्पन्न पुष्कळदां बेताचेंच असे. पण दुष्काळानें किंवा स्वारीनें गांव उजाड होऊन वतनदार परागंदा झाला, तरी त्याचा हक्क बुडत नसे. त्याचा मुलगा किंवा नातू परत आला आणि गोतानें त्यास ओळखलें, कीं महजर होऊन तें वतन पुनः त्याच्या स्वाधीन करण्यांत येई. वतन दर महिन्याला पोट भरील असा करार त्यांत नव्हता. वाईट वर्ष सरल्यावर परत येण्यास जागा राहील, एवढेंच अभय त्यांत होतें.

हें अभय दुष्काळांत पोटास पुरत नसे, हें सांगावयास नकोच. भुशीवरून उतरणारी इंद्रायणी खालीं देहूवरून वाहते. तेथील तुकोबांच्या घरीं महाजनकी, सावकारी व दुकानदारी होती, म्हणजे म्हणींतल्या तीन वृत्तींपैकीं प्रतिष्ठेच्या दोन घरांत होत्या. शके १५५१ च्या सुमारास सुरू झालेल्या भीषण दुष्काळांत तो व्यापार बुडाला व घरचीं माणसें अन्नावांचून गेलीं. पुढें ऋणकोंचीं खतें त्यांनीं याच नदींत बुडविलीं असें परंपरा सांगते. दुष्काळाच्या वर्षीं वतनांचीं विक्रीपत्रें वाढत, कारण धान्याच्या मोबदल्यांत देण्यासारखें घरांत दुसरें कांहीं उरत नसे. कागदांत विक्रीचें कारण बहुधा स्पष्ट लिहिलेलें असतें. वाचकांपैकीं ज्यांनीं असे रुमाल सोडले आहेत त्यांस आम्ही अधिक काय सांगावें?

परंतु दुष्काळ वेगळा आणि मंदी वेगळी. दुष्काळांत धान्य नसतें. मंदींत धान्य असतें, पण रुपया नसतो. पहिल्यांत गांव सोडून दुसऱ्या मुलुखांत जातां येतें. दुसऱ्यांत जावें कोठें? सवंगाई सगळीकडे सारखीच. १८१८ नंतर पुणें प्रांतावर हें दुसरें संकट आलें. पेशवाई गेली तशी फौज मोडली, शिबंदीला रजा मिळाली, सरदारांचे वाडे ओस पडले. मावळापुरतें बोलावयाचें तर त्या वर्षींच्या मार्चांत लोहगड व विसापूर इंग्रजांच्या हातीं गेले, आणि गडावरच्या चाकरीवर ज्यांचें चाले त्यांचा आधार तुटला. पुण्याच्या पेठांतून धान्याचें गिऱ्हाईक कमी झालें व धारण उतरली. सारा मात्र रोख रुपयांत ठरलेला होता, तो उतरला नाहीं. १८२४ च्या अवर्षणानें धारण मध्येंच चढली, पण पुढें पुनः उतरती कळा लागली. प्रिंगलसाहेबांच्या पाहणीवरून बसविलेली आकारणी इंदापूर तालुक्यांत रयतेस झेपेना, व १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं ती कमी करून तीस वर्षांची नवी आकारणी बसविली. इंदापूर हा कोरडवाहू मुलूख, मावळ भाताचा. तेव्हां एकाचें दुःख जसेंच्या तसें दुसऱ्यावर लादणें बरोबर नाहीं. तथापि रुपयाची टंचाई दोन्हींकडे होती.

अशा वेळीं रुपया कोणाच्या हातीं नियमानें येत होता, हा प्रश्न विचारला म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. पूर्वींच्या राज्यांत चाकरीचा मुशाहिरा कांहीं रोख, कांहीं कापड, कांहीं धान्य आणि कांहीं गांवावरची वरात अशा रूपानें मिळे. वरात वसूल होईतों वर्ष उलटे. कंपनीच्या कचेरींत कारकुनाला दरमहा मिळे तो थोडा असला तरी रोख असे, आणि त्याला दिवस ठरलेला असे. समजा, कोणा एका कारकुनास महिना दहा रुपये आहेत आणि धारण रुपयास सोळा शेरांवरून बत्तीस शेरांवर आली. त्याचा पगार कागदावर एका पैशानें वाढला नाहीं, पण घरीं येणारें धान्य दुप्पट झालें. त्याच वेळीं त्याचा भाऊ गांवीं कुलकर्ण चालवीत असेल आणि त्याचा हक्क धान्यांत येत असेल, तर त्या धान्याचे रुपये निम्मे झाले. दोघे भाऊ दिवाळीस एकत्र बसले म्हणजे पुढील पिढीनें काय करावें, हें त्यांना मेकॉलेनें सांगावयास नको होतें. त्याचा तो प्रसिद्ध शेरा १८३५ चा आहे, आणि ही मंदी त्याच्या आधींची!

शास्त्री मंडळींची स्थिति याहून बिकट. दक्षिणा हा त्यांचा मोठा आधार. एल्फिन्स्टनसाहेबांनीं ती एकदम बंद केली नाहीं, तिच्यांतूनच १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. पण दक्षिणा घेणारे गेले तसतशी ती आटत गेली. १८५१ त त्या पाठशाळेची सरकारी इंग्रजी शाळेशीं जोड झाली, आणि ज्या घरांतून पूर्वीं व्याकरण, न्याय चाले त्यांतूनच पंतोजी, शिरस्तेदार व मामलेदार निघाले. आम्ही स्वतः त्याच परंपरेंतले, शाळेच्या पगारावर संस्कृत शिकवून आयुष्य काढलेले. तेव्हां या लोकांस हिणवणें आमच्या तोंडीं शोभणार नाहीं.

पण धारण चढली म्हणजे हाच हिशेब उलटतो, आणि तें पाहावयास भुशीच्या परिसरासारखी दुसरी जागा नाहीं. १८३० च्या नोव्हेंबरांत मालकमसाहेबांच्या कारकीर्दींत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला होता. १८५६ च्या आरंभीं घाटांत आगगाडीच्या मार्गाचें काम निघालें. १८५८ च्या जूनमध्यें खंडाळा ते पुणें गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र उतारूंना पालखी, तट्टू किंवा गाडीनें ओलांडावा लागे. १८६१ मध्यें या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसें होतीं. पटकी व हिंवताप यांनीं किती गेलीं, याची मोजदाद नीट झालेलीच नाहीं. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ त येथें येतांच थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या पत्नीनें, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें, तो ठेका पुढें चालविला. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाट खुला झाला. याच वेळीं अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईंत कापसाचा भाव आकाशास भिडला, मजुरी चढली, धारणही चढली. ठराविक पगाराचा कारकून त्या वर्षांत रडत होता, आणि बैलगाडीवाला व बिगारी चार पैसे बाळगून होता. म्हणींतला क्रम त्या पांचसात वर्षांत खरा ठरला.

पुढें १८६५ च्या जुलैमध्यें मुंबईचे शेअर कोसळले. रेल्वेचें बांधकाम संपलें, कापूस उतरला, कर्ज राहिलें. १२ मे १८७५ रोजीं भीमथडीकडे सुपें येथें सावकारांच्या वह्या जाळण्यांत आल्या, व पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ पडला. घाटांत राबलेल्या हजारोंना ठेकेदारानें केव्हांच रजा दिलेली होती. जे थोडे सांधेवाले, गँगमन, फिटर, आग टाकणारे आणि पाण्याच्या कामावरचे लोक कंपनीच्या पटावर राहिले, त्यांनाच महिन्याच्या महिन्यास रुपया मिळत राहिला. 'कायम' आणि 'हंगामी' हा भेद मावळांत या वेळेपासून जीवनमरणाचा झाला. पूर्वीं मिरासदार आणि उपरी असा भेद होता. तोच, आमच्या समजुतीप्रमाणें, येथें नवीन नांवानें उतरला. मात्र मिरासदारीला जें परत येण्याचें अभय होतें तें या पटास नव्हतें. पटावरून नांव कमी झालें कीं नातवानें येऊन महजर करावयाची सोय नाहीं.

याच काळांत उलट वाट धरणारेही निघाले, हें नमूद केलें पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७९ त सरकारी शिक्षकाची जागा सोडली, आणि दुष्काळाची झळ पुरती निवाली नव्हती अशा १८८० च्या जानेवारींत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. टिळक व आगरकर त्यांस मिळाले. सुरक्षित वृत्तीची किंमत त्या दिवसांत काय होती, हें लक्षांत आणल्याखेरीज त्या त्यागाचें मोल कळत नाहीं.

वतनाची दुसरी बाजू मात्र आमच्या अभ्यासकांकडून फार उपेक्षिली गेली आहे. महारांचें वतन हेंही कायद्यानें वंशपरंपरेचेंच. त्याच्या बदल्यांत गांवची व सरकारची कामें रात्रंदिवस करावीं लागत, आणि मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन व बलुतें. तें मागावयास दारोदार जावें लागे. ज्यास पाटील 'वतन' म्हणून कवटाळीत होता, तेंच या घरांत बेडीसारखें होतें. लष्कर ही त्यांची मोठी वृत्ति, तीही १८९२ च्या सुमारास भरती बंद झाल्यानें गेली. अशा घरांतील तरुण रेल्वेच्या कामावर गेला तेव्हां त्यानें सुरक्षितता सोडली किंवा धरली, हें पाटलाच्या दप्तरावरून ठरविणें अन्यायाचें होईल. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें, तें या दृष्टीनें पुनः वाचण्यासारखें आहे.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीनें १८२० च्या दशकाचा धडा पुनः गिरवून घेतला. शेतमालाचे भाव दोनतीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. १९३१ च्या अखेरीस सरकारी पगारांत शेंकडा दहांची कपात झाली, तरी भाव निम्मे व पगार नऊदशांश, हा हिशेब शेतकऱ्यांच्या मुलांस सहज समजला. नोकरीसाठीं अर्जांचे ढीग पडले ते यामुळें. पण लोणावळ्याच्या रेल्वे चाळींत त्याच सुमारास निराळेंच चाललें होतें. १९३० त जी. आय. पी. रेल्वेवर मोठा संप झाला, १९३१ त सर्व रेल्वेंवर नोकरकपात झाली, आणि १९३० पर्यंत कल्याण ते पुणें मार्गावर विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं. ज्या वाफेसाठीं भुशीचें पाणी अडविलें होतें, तिची गरजच ओसरूं लागली. कोळसा टाकणाऱ्या 'कायम' माणसाचें काम भावांमुळें नव्हे, तर यंत्र बदलल्यामुळें गेलें. या प्रकारच्या संकटापासून ना वतन वांचवीत होतें ना पगार.

वतनें पुढें कायद्यानेंच संपलीं : परगणे व कुलकर्णी वतनें १९५० च्या, महारादि वतनें १९५८ च्या, आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें. रेल्वेंत निवृत्तिवेतन १९५७ त आलें. तोंवर भविष्यनिर्वाह निधीवरच भिस्त होती.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. सनदा, महजर, शिक्क्यांचे कागद आपण जिवापाड जपतों, आणि त्याच पेटाऱ्यांतील मोडी किर्दी, वाण्याच्या उधारीच्या वह्या, धान्याचे निरख हे रद्दींत जाऊं देतों. रेल्वे नोकरांच्या घरांतील पगाराच्या चिठ्ठ्या व निधीचीं पुस्तकें यांस तर कोणी कागदच समजत नाहीं. लोणावळें, खंडाळें, भुशी, कुरवंडें या बाजूच्या जुन्या घरांत असें कांहीं सांपडल्यास पगाराचे कागद आणि त्याच घरची धान्याची वही एकाच रुमालांत बांधून ठेवावी, व वर घराचें नांव नसलें तरी गांवाचें नांव आणि सांपडल्याची तारीख लिहावी. दोन्ही वेगळीं झालीं म्हणजे त्या पगारांत किती शेर धान्य येत होतें, हें सांगतां येत नाहीं.