मॉर्टन ऑल्सेन : डेन्मार्कचा लिबेरो

फुटबॉलपटू मॉर्टन ऑल्सेन यांचा जन्म 14 ऑगस्ट 1949 रोजी डेन्मार्कमधील व्होर्डिंगबोर्ग येथे झाला. त्या काळी डॅनिश फुटबॉल हौशी खेळाडूंचा होता. परदेशी क्लबकडून पैसे घेऊन खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघाचे दार बंद असे. ही बंदी 1971 मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी ऑल्सेन बेल्जियमच्या सेर्कल ब्रूज क्लबमध्ये दाखल झाले. देशांतर्गत व्यावसायिक फुटबॉलला परवानगी मिळायला मात्र 1978 साल उजाडले. तोवर पोट भरायचे तर खेळाडूला देश सोडावा लागे.

ब्रूजनंतर 1976 ते 1980 ते ब्रसेल्समधील मोलेनबीक क्लबकडून खेळले आणि तिथून अँडरलेख्तला गेले. मधल्या फळीतून सुरुवात केलेल्या ऑल्सेन यांचा खरा कस लागला तो लिबेरो म्हणून. बचावफळीच्या मागे राहून निसटलेला प्रत्येक चेंडू अडवायचा, हे लिबेरोचे काम. ऑल्सेन तेवढ्यावर थांबत नसत. चेंडू हाती लागला की तो नुसता दूर भिरकावण्याऐवजी ते स्वतः घेऊन पुढे निघत, मधल्या फळीत एक माणूस वाढवत आणि तिथून हल्ल्याची जुळणी करत. मधल्या फळीतली जुनी सवय इथे कामी आली. अँडरलेख्तने 1981, 1985 आणि 1986 मध्ये बेल्जियमची लीग जिंकली. 1983 मध्ये बेन्फिकाला हरवून यूएफा चषक पटकावला. पुढच्या वर्षीच्या अंतिम फेरीत टॉटनहॅमविरुद्ध पेनल्टींवर हार झाली. त्यात ऑल्सेन यांची पेनल्टी अडवली गेली होती.

राष्ट्रीय संघातला त्यांचा बहर उशिरा आला. 1979 मध्ये जर्मन प्रशिक्षक सेप पिओंटेक यांनी संघ हाती घेतला आणि शिस्त आणली. त्यांच्या धाडसी, हल्लेखोर खेळाला मागे एक शांत डोके लागत होते; ते कर्णधार ऑल्सेन यांचे. सप्टेंबर 1983 मध्ये डेन्मार्कने वेम्बलीवर इंग्लंडला 1–0 असे हरवले. 1984 च्या युरो स्पर्धेत संघ उपांत्य फेरीत स्पेनकडून पेनल्टींवर हरला, तेव्हा ऑल्सेन चौतीस वर्षांचे होते. 1986 च्या मेक्सिको विश्वचषकात स्कॉटलंड, उरुग्वे (6–1) आणि पश्चिम जर्मनी, तिघांनाही नमवून डेन्मार्क गटात पहिला आला आणि लगेच स्पेनकडून 5–1 असा पराभूत झाला. चषक हाती न लागताही तो संघ डॅनिश फुटबॉलमध्ये सर्वांत मोलाचा ठरतो, कारण छोट्या देशाचा फुटबॉल देखणा असू शकतो हे त्याने जगाला दाखवले.

1986 मध्ये ऑल्सेन जर्मनीतील कोलोन क्लबमध्ये गेले. 1989 मध्ये कोलोन बुंडेसलिगात दुसरे आले आणि त्याच वर्षी, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी खेळ थांबवला. राष्ट्रीय संघाकडून त्यांचे 102 सामने झाले. शंभरी गाठणारे ते पहिले डॅनिश खेळाडू.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी ब्रॉन्डबीला लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि 1998 मध्ये आयॅक्सला लीग व चषक असे दुहेरी यश. 2000 पासून पंधरा वर्षे डेन्मार्कचा संघ त्यांच्याकडे होता. 2002 च्या विश्वचषकात या संघाने गतविजेत्या फ्रान्सला 2–0 असे बाहेरचा रस्ता दाखवला. 2010 च्या विश्वचषकासाठीही संघ पात्र ठरला. नोव्हेंबर 2015 मध्ये स्वीडनविरुद्धच्या प्लेऑफमध्ये युरोची पात्रता हुकली आणि ऑल्सेन यांनी पद सोडले.