सराईला पुन्हा वाटसरू मिळतो

‘मजल दरमजल करीत’ असं आपण सहज बोलून जातो. यातली मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल. शब्द मूळचा अरबी, ‘मंझिल’. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला. इराणात ही मजल विटांत बांधलेली दिसते. उंटांचा तांडा दिवसाकाठी ३०-४० किलोमीटर चालणार. तेवढ्या टप्प्यावर त्याला पाणी, चारा आणि चोरापासून संरक्षण हवं. ते देणारी इमारत म्हणजे कारवानसराई.

शाह अब्बास पहिला (कारकीर्द १५८८ ते १६२९) यानं अशा ९९९ सराया बांधल्या, अशी आख्यायिका आहे. आकडा शब्दशः घेण्याचं कारण नाही. व्यापारासाठी रस्ते सुरक्षित करण्याचं त्याचं धोरण मात्र खरं. त्याच्याच काळातली झैनुद्दीन सराई यझ्दच्या दक्षिणेला, कर्मानच्या वाटेवर, सुमारे ६० किलोमीटरवर उभी आहे. म्हणजे दोन मजलांच्या अंतरावर! बहुतेक सराया चौकोनी असतात. ही गोल आहे.

विसाव्या शतकात मोटार आली आणि दोन दिवसांची वाट तासाभराची झाली. मग मध्ये उतरायचं कशाला? सराया ना भूकंपानं गेल्या, ना शत्रूनं पाडल्या. वाटसरू थांबेनासा झाला, म्हणून त्या ओस पडल्या. तेव्हा नुसत्या भिंती सांधून सराई वाचत नाही. तिला नवा वाटसरू मिळवून द्यावा लागतो.

तो कसा मिळवायचा? इराणात याची दोन उत्तरं दिली गेली. इस्फहानला शाह सुलतान हुसेनच्या काळातली (१६९४ ते १७२२) एक मोठी सराई होती. शेजारच्या मदरशाच्या खर्चासाठी तिचं उत्पन्न लावून दिलेलं होतं. आंद्रे गोदार या फ्रेंच वास्तुविशारदाच्या पुढाकारानं १९५० नंतरच्या दशकात तिचा जीर्णोद्धार सुरू झाला आणि तिचं आलिशान हॉटेल झालं. इमारत वाचली, नावारूपाला आली. पण आरसेकाम आणि रंगीत नक्षी पाहताना आपण सराईत आहोत की राजवाड्यात, असा प्रश्न पडावा.

झैनुद्दीनला दुसरी वाट धरली. शेकडो वर्षांच्या चुलींची काजळी भिंतींवरून घासून काढली. वीज आणि स्नानगृहं नवी केली, ती हवीतच. पण निजायच्या जागांना दारं न बसवता पडदे लावले. पलंगांऐवजी कट्ट्यांवर गालिचे अंथरले, त्यावर गाद्या घातल्या. पूर्वीचा व्यापारी जसा टेकला असेल, तसाच आजचा पाहुणा टेकावा, हा हिशेब.

यात गैरसोय आहेच. पडद्यापलीकडच्या माणसाचं घोरणं ऐकावं लागतं! पण सराई म्हणजे तरी काय होतं? अनोळखी माणसांनी एका छपराखाली काढलेली रात्र. दारं लावून खोल्या बंद केल्या असत्या, तर भिंती राहिल्या असत्या, सराई उरली नसती.

२०२३ मध्ये युनेस्कोनं इराणमधल्या ५४ सराया जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. मान मोठाच आहे. पण यादीतल्या नावानं अंगणात रात्री दिवा लागत नाही. आपल्याकडेही घाटवाटांवर, तीर्थांच्या गावी जुन्या धर्मशाळा पडून आहेत. त्यांच्या दुरुस्तीचा अंदाज काढताना चुन्या-विटांचा खर्च जरूर मांडावा. पण त्याआधी विचारावं : इथं मुक्कामाला कोण येणार, आणि त्याच्यासाठी आपण कशाला हात लावायचा नाही?