यंत्राचा कारभारी आणि वेळेचें बंधन

यंत्राच्या पोटांत बसविलेल्या लहानशा संगणक-फलकावर अनेक कामें चालूं असतात. पण तीं करणारा मेंदू बहुधा एकच. कोणतें काम आधीं, कोणतें मागाहून, हें ठरविणाऱ्या मूळ कार्यक्रमास कर्नल म्हणतात. आपण त्यास कारभारी म्हणूं. त्याचा निकाल नुसता बरोबर असून भागत नाहीं, तो ठरल्या क्षणाच्या आंत लागावा लागतो.

१९६९ च्या जुलैंत अपोलो ११ चंद्रावर उतरत असतां संगणकावर कामाचा अतिरेक झाला व १२०२ हा इशारा झळकला. कारभाऱ्यानें दुय्यम कामें सोडून उतरण्याचें काम तेवढें चालू ठेविलें.

पण खरी बोधप्रद हकीकत १९९७ ची. ४ जुलै रोजीं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलें आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनमधून आपोआप नव्यानें सुरू होऊं लागला. कारण समजण्यास आपलें वर्धा जंक्शन पुरें. जंक्शनाबाहेर एकेरी मार्गावर मालगाडी उभी आहे, तिच्या मागें मेल खोळंबली आहे, अशी कल्पना करा. दुसऱ्या मार्गानें येणाऱ्या पॅसेंजर गाड्या मालगाडीहून मानाच्या. त्यांना वाट देत मालगाडी जागींच राहते, आणि सर्वांत मानाची मेल सर्वांच्या मागें पडते! यानांत हवामानाची नोंद ही मालगाडी, माहिती-वाहिनीची व्यवस्था ही मेल, व दळणवळण ही पॅसेंजर. मेल वेळेवर आली नाहीं कीं यंत्रणा सगळा संगणकच नव्यानें सुरू करी.

मेल अडली असेल तोंवर मालगाडीस मेलचाच मान द्यावा, या उपायाचें विवेचन शा, राजकुमार व लेहोत्स्की यांनीं १९९० सालींच केलें होतें. यांपैकीं राजकुमार हे मद्रास विद्यापीठाचे पदवीधर. यानाच्या व्हीएक्सवर्क्स नांवाच्या कारभाऱ्यांत ही सोय होतीही. मात्र नेमकी त्या जागीं ती बंद होती. दोष उड्डाणापूर्वींही दिसला होता. पण हवा तेव्हां पुन्हा घडेना, म्हणून मागें पडला. माझ्या मतें या विद्येंतील सर्वांत कठीण भाग हाच. शेवटीं पृथ्वीवरील प्रतिकृतीवर तो पकडला गेला, आणि कोट्यवधि मैलांवर संदेश धाडून ती सोय सुरू करण्यांत आली.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा सुमारें १ किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेला. एवढ्याशा डब्यांत वीज मोजकी, स्मृतीही मोजकी. आणि कांहीं अडलेंच तर पाना-पेचकस घेऊन तेथें कोणी जाऊं शकत नाहीं.